नोकरी गेली, घर कंपनीचं: ताबा सोडायला नेमके किती दिवस?

उंबरठा (धागाकर्ता)

नियुक्तीपत्रात "कंपनीतर्फे निवासस्थान" अशी एक ओळ असते. नोकरी चालू असेपर्यंत ती कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. सेवासमाप्तीचं पत्र येतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, सात दिवसांत क्वार्टर रिकामं करा, नाहीतर हिशेब मिळणार नाही. त्याच महिन्यात पगार बंद, मुलांची परीक्षा आणि नव्या घराचं डिपॉझिट असं सगळं एकदम अंगावर येतं.

महाराष्ट्रापुरतं बोलू या. घर सोडायला कायद्याने किती दिवस मिळतात? कंपनी कुलूप बदलू शकते का, वीज-पाणी तोडू शकते का? चावी दिल्याशिवाय पगार-ग्रॅच्युइटी देणार नाही, हे म्हणणं चालतं का? "बारा वर्षं राहिलं की घर आपलं" छापाची ऐकीव माहिती भरपूर फिरते, म्हणून कलमांसकट उत्तरं हवी आहेत.

सातबारा

दिवस मोजायच्या आधी कागद शोधा. घर कुठल्या नात्याने दिलं होतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिला प्रकार सर्वात जास्त आढळतो. घर कंपनीच्या मालकीचं, कर्मचारी परवानाधारक. परवाना म्हणजे फक्त राहण्याची मुभा. घरात हितसंबंध निर्माण होत नाही. भारतीय वहिवाट कायदा, १८८२ चं कलम ५२ याची व्याख्या देतं. कलम ६२ म्हणतं की परवाना एखाद्या पदामुळे किंवा नोकरीमुळे दिला असेल आणि ते पद किंवा नोकरी संपली, तर परवाना आपोआप रद्द झाला असं मानलं जाईल. त्यासाठी वेगळ्या नोटिशीची गरज नसते. पण लगेच पुढे कलम ६३ आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही: परवाना रद्द झाल्यावर घर सोडायला आणि सामान हलवायला "वाजवी मुदत" मिळण्याचा हक्क परवानाधारकाला आहे. आकडा कायद्यात नाही. करारात असेल तर तो आकडा धरतात.

दुसरा प्रकार सेवा-भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २२ खाली मालक आणि कर्मचारी लेखी करार करून नोकरीपुरती भाडेकरी निर्माण करू शकतात. राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी, मृत्यू, कारण काहीही असो, नोकरी संपली की ती भाडेकरीही संपते. मग मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली ताब्याचे अर्ज ऐकणारा अधिकारी) अर्ज करतो.

तिसरा, कंपनीने बाहेरच्या मालकाकडून लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला फ्लॅट. चौथा, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाचं क्वार्टर. त्यांचं जग वेगळं, जाणकारांनी लिहावं.

कागदाच्या वर "भाडेकरार" लिहिलंय की "परवाना", एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. दिल्लीच्या एका हॉटेलातल्या जागेच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शीर्षक न बघता पक्षांचा हेतू आणि प्रत्यक्ष व्यवहार बघायचा. मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ (परवान्याची मुदत संपल्यावर घराचा ताबा परत मिळवणं) खालच्या अर्जात लेखी परवाना-करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरला जातो. सही करताना हे लक्षात ठेवा.

शेवटची_लोकल

वाचनखूण साठवली. बारा वर्षांचं काय?

सातबारा

परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही जुना झाला तरी तो मालकाच्या विरोधातला ताबा होत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय की राखणदार, पहारेकरी, नोकर यांना केवळ दीर्घ वास्तव्यामुळे जागेत हक्क मिळत नाही. हा भ्रम धरून बसलेल्यांचं नुकसानच होतं, कारण दरम्यान परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईचं मीटर चालू असतं.

मीटर_रीडर

कुलूप आणि विजेबद्दल.

हक्क संपला म्हणजे बाहेर फेकण्याचा अधिकार मिळाला, असं नाही. घर काढून घ्यायला कंपनीला कोर्टात किंवा प्राधिकाऱ्याकडेच जावं लागतं. तुम्ही बाहेर असताना कुलूप बदललं, सामान जिन्यात ठेवलं, दारावर रखवालदार उभा करून आत जाऊ दिलं नाही, तर हा अन्यायाने अटकाव आहे: भारतीय न्याय संहिता, कलम १२६. धमकी दिली तर कलम ३५१. प्रसंग चालू असताना ११२ वर फोन करा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. पोलीस "हा दिवाणी मामला आहे" म्हणाले तरी लेखी तक्रार द्या आणि अदखलपात्र नोंदीची प्रत मागा. पुढे मनाई हुकमाच्या अर्जाला हाच कागद जोडायचा असतो.

विजेचं थोडं किचकट आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं, पण त्यात शब्द "भाडेकरू" आहे. परवानाधारकाने त्यावर विसंबू नये. त्याने दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागावा. मीटर स्वतःच्या नावावर असेल तर बिल एक दिवसही थकवू नका. वसाहतींत बहुधा कंपनीचं एकच मोठं मीटर आणि घरोघर उपमीटर असतो. तिथे कंपनीने आतल्या पेटीतला फ्यूज काढला तर वितरण कंपनी काही करत नाही, कारण त्यांच्या लेखी ग्राहक कंपनी आहे. म्हणून सेवासमाप्तीचं पत्र आलं त्याच दिवशी उपमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा.

कारखान्याचा_भोंगा

वर "कोर्टात मनाई हुकूम" लिहिलंय, त्यात एक भर. नोकरीवरून काढणं हेच बेकायदा वाटत असेल तर घराचा प्रश्न वेगळा लढू नका. कामगार न्यायालयात बडतर्फीला आव्हान देताना त्याच अर्जात अंतरिम सवलत मागा: निकाल लागेपर्यंत निवासस्थान काढू नये. नुसतं प्रकरण प्रलंबित असल्याने घराला संरक्षण मिळत नाही, अंतरिम आदेश हातात असावा लागतो. कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, १९७१ खाली तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते. चर्चा चालू आहे, साहेब बोलतो म्हणालेत, यात ते दिवस निघून जातात.

पगाराचं सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. काढलं, नोकरकपात केली, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. संहितेत मालकाने दिलेल्या घरापोटी कपात करायची मुभा आहे, पण एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. अख्खा शेवटचा पगार घरासाठी अडवणं त्यात बसत नाही.

भविष्यनिर्वाह निधी तर कंपनीच्या हातातच नाही. नोकरी सोडल्याची तारीख कंपनी भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः पोर्टलवर भरू शकतो.

गोदीकाठ

चौथ्या प्रकाराबद्दल. केंद्र सरकार, केंद्राचं किमान ५१ टक्के भांडवल असलेल्या कंपन्या, राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ, मोठी बंदरं यांच्या घरांना सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांचे निष्कासन) कायदा, १९७१ लागतो. तिथे ना भाडे नियंत्रण, ना दिवाणी कोर्ट. कलम १५ ने दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद केलाय. पहिल्याच दिवशी दिवाणी दावा लावणारे वकिलाची फी आणि पंधरा दिवस गमावतात.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ३ब आलं. नोकरीच्या काळापुरतं दिलेलं निवासस्थान असेल तर संपदा अधिकारी (या कायद्याखाली निष्कासनाचा आदेश देणारा अधिकारी) नोटीस देतो आणि कारण दाखवायला तीन कामाचे दिवस असतात. उत्तर लेखीच द्या, पोच घ्या. कलम ५ खालच्या नेहमीच्या निष्कासन आदेशावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील, मुदत १२ दिवस. आदेशाच्या दाखल्याच्या प्रतीसाठी अर्ज आदेशाच्याच दिवशी टाका.

मुदतवाढीचे नियम खात्यागणिक वेगळे. केंद्राच्या सामान्य पूलमधल्या (अनेक खात्यांसाठी एकत्र ठेवलेल्या) घरांसाठी २०१७ चे नियम आहेत: निवृत्तीनंतर ६ महिने, राजीनामा किंवा बडतर्फी असेल तर १ महिना. पुढे नुकसानभरपाईचा दर लागतो आणि तो नेहमीच्या परवाना शुल्काच्या कित्येक पट असतो. राज्य शासनाच्या इमारतींना १९५५ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे.

तळटीप

खासगी कंपनीच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार अजून आलं नाही. कंपनी कायदा, २०१३, कलम ४५२ (जुन्या १९५६ च्या कायद्यातलं ६३०). कंपनीची मालमत्ता अन्यायाने अडवून ठेवली तर १ लाख ते ५ लाख रुपये दंड. शिवाय कोर्ट ठरावीक मुदतीत मालमत्ता परत करायचा आदेश देतं आणि तो पाळला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद.

"मी आता कर्मचारीच नाही, मग हे कलम मला कसं?" हा बचाव १९८७ मध्येच संपला. शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माजी कर्मचाऱ्यालाही कलम लागू असल्याचं सांगितलं. १९९५ मध्ये कॉक्स अँड किंग्जच्या प्रकरणात मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनाही लागू झालं.

पण दोन गोष्टी कर्मचाऱ्याच्या बाजूने आहेत. एक, हा गुन्हा अदखलपात्र आहे. "उद्या पोलीस घेऊन येतो" असं म्हणता येत नाही; कंपनीला कोर्टात तक्रार करावी लागते. दोन, २०२० च्या दुरुस्तीने एक परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) आलंय: राहत्या घराचा मामला असेल आणि कंपनीने भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा असा कल्याणनिधी, किंवा अपघाताची भरपाई थकवली असेल, तर कैदेचा आदेश देता येत नाही. दंड आणि घर परत करण्याचा आदेश राहतोच. म्हणून थकबाकीची मागणी लेखी आणि आकड्यासह केलेली असणं फार महत्त्वाचं.

हे कलम फक्त कंपन्यांना आहे. भागीदारी पेढी, ट्रस्ट, गृहनिर्माण संस्था किंवा एकट्या मालकाला ते वापरता येत नाही.

चष्मेवाला

मग सोपं झालं. ग्रॅच्युइटी हातात पडेपर्यंत चावी द्यायचीच नाही.

तळटीप

चष्मेवाला, हा सल्ला धोकादायक आहे. परंतुक फक्त कैदेपासून वाचवतं. तोवर पैसे वाढत जातात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर न सोडलेल्या जागेला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. करारात शुल्क महिना ६,००० असेल तर १२,०००. आठ महिने रेटलं तर ९६,०००. काही करारांत याहून मोठा दर लिहिलेला असतो आणि त्यावर सही झालेली असते.

कारखान्याचा_भोंगा

तळटीप यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण म्हणून कंपनीला ग्रॅच्युइटी घरासाठी अडवता येते, हे मी मान्य करणार नाही. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याज. जप्तीपासून तिला संरक्षण आहे. ती रोखायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: नुकसान केलं, दंगाधोपा केला, नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला आणि त्यासाठी काढलं. घर न सोडणं त्या यादीत नाही.

गोदीकाठ

यादीत नाही हे खरं, तरी निकाल वेगळेही आहेत. ओएनजीसीच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडनीय भाडं ग्रॅच्युइटीतून वळतं करू दिलं, कारण त्यांच्या स्वतःच्या विनियमांत तशी तरतूद होती. २०२० मध्ये सेलच्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) प्रकरणातही तसाच आदेश झाला. सार्वजनिक उपक्रमातल्या माणसाने ग्रॅच्युइटी सुरक्षित आहे असं धरून क्वार्टरमध्ये बसू नये.

कारखान्याचा_भोंगा

सार्वजनिक उपक्रमापुरतं मान्य. खासगी कंपनीत असे वैधानिक विनियम नसतात, तिथे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज जरूर करावा.

अनुराधा_नक्षत्र

सगळी चर्चा पगारपत्रक असलेल्यांची चाललीये. सोसायटीचा रखवालदार जिन्याखालच्या खोलीत कुटुंबासह राहतो, कुणाकडे चालक गॅरेजवरच्या खोलीत, शेतघराचा राखणदार. यांच्याकडे ना नियुक्तीपत्र, ना करार. "आज रात्री खोली खाली कर" हे यांनाच ऐकावं लागतं.

यांच्यासाठी थोडं नेमकं लिहिते. खोलीवर हक्क नाही, हे आधी मान्य करा. वाजवी मुदत मागणं मात्र हक्काचं आहे. राहत असल्याचा पुरावा आजच गोळा करा: मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, त्या पत्त्यावर आलेलं कुठलंही पत्र. पगार रोख मिळत असेल तर वहीत तारीखवार नोंद आणि मोबाईलवरचे संदेश जपा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, दूरध्वनी १५१००. घरातल्या बाईच्या नावाने अर्ज केला तर पात्रतेचा प्रश्नच उरत नाही.

कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला असेल तर मानवी बाजू वेगळी, पण कलम २२ कुटुंबालाही लागू आहे. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत हवी असेल तर तसं लेखी मागावं. नुसता फोन केला तर मागणी झाल्याचा पुरावा राहत नाही.

शेवटची_लोकल

तिसऱ्या प्रकाराचं राहिलं, कंपनीने बाहेरून घेतलेला फ्लॅट.

तिथे करार मालक आणि कंपनीत असतो, राहणाऱ्याचं नाव बहुधा फक्त "वापरणारा" म्हणून. डिपॉझिट कंपनीचं. कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा जास्त असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं भाडेकरूसाठीचं संरक्षण कलम ३ मुळे त्या जागेला लागतच नाही. पण इथे एक चांगली वाट आहे: मालकाशी थेट बोला. त्याला महिनाभर रिकामा फ्लॅट नको असतो. कंपनीचा करार संपवल्याचं पत्र आणि त्याचं डिपॉझिट परत झाल्याची नोंद बघा, मग स्वतःच्या नावाने नवा नोंदणीकृत करार करा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. जुना करार चालू असताना नवा केला तर दोन्हीकडून भाडं मागितलं जातं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खासगी कंपनी असेल तर करारात लिहिलेली मुदत, नसेल तर "वाजवी", सरकारी असेल तर त्या त्या नियमातली. बरोबर? आणि अर्ज झाल्याचं समन्स आलं तर?

सातबारा

बरोबर. समन्सचं सांगायला हवं होतं, इथेच सगळ्यात जास्त लोक हरतात. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र दाखल करून प्रकरण लढवण्याची परवानगी मागावी लागते. नुसतं तारखेला हजर राहणं पुरत नाही. शपथपत्र नसेल तर मालकाचं म्हणणं कबूल आहे असं धरतात आणि आदेश होतो. त्यावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत पुनरीक्षण (वरच्या पातळीवर आदेशाची मर्यादित फेरतपासणी). समन्स घेतलंच नाही तर वाचतो, असं समजू नका. बजावणीचे दुसरे मार्ग आहेत.

तळटीप

मुदत मागायच्या पत्रात काय असावं ते लिहून टाकतो. सेवासमाप्तीची तारीख आणि ती मान्य आहे की आव्हान देणार आहात. घर सोडण्याची निश्चित तारीख. "लवकरच" लिहिलं तर पत्राची किंमत शून्य. मुदतीचं कारण एका ओळीत. त्या तारखेपर्यंत नेहमीचं शुल्क भरण्याची तयारी. थकबाकीचा तपशील आकड्यांसह. शेवटी "माझे सर्व हक्क राखून". "मी अनधिकृतपणे राहत आहे" असलं वाक्य कंपनीच्या मसुद्यात असेल तर खोडून मगच सही करा.

शुल्क बँकेतून भरा. कंपन्या कधीकधी पैसे घेत नाहीत, कारण घेतले तर परवाना पुढे चालू ठेवला असा अर्थ निघेल असं त्यांना वाटतं. तसं झालं तर "रक्कम देऊ केली, नाकारली" असं ईमेलने कळवून पैसे बाजूला ठेवा. पत्र ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर पोचपावती वेगळी मागून घ्या.

चष्मेवाला

माझा आधीचा सल्ला मागे घेतो. चावी आणि हिशेब एकाच दिवशी, एकाच टेबलावर, असं ठरवता येईल का?

तळटीप

तेच सर्वात चांगलं. पत्रातच तारीख सुचवा: अमुक दिवशी ताबा देतो, त्याच दिवशी अंतिम हिशेबाचा धनादेश आणि ना-देय दाखला तयार ठेवावा. कंपनीने ऐकलं नाही तरी ताबा द्या. नंतरच्या दाव्यात ते पत्र तुमच्याच कामाला येतं.

मीटर_रीडर

ताबा देताना एक राहतं. खोलीनिहाय व्हिडिओ काढा: नळ, पंखे, गीझर, खिडक्यांच्या काचा. कंपनीच्या यादीतली प्रत्येक वस्तू टिकमार्क करून दोघांच्या सह्या. मीटरचं शेवटचं रीडिंग त्याच कागदावर. चाव्या किती, हे आकड्यात आणि अक्षरात. एक चावी कमी होती म्हणून ताबाच मिळाला नाही, असं म्हणत दुप्पट भरपाई लावलेली प्रकरणं होतात.

कागद घ्यायला कुणी आलंच नाही तर चावी रखवालदाराकडे टाकून जाऊ नका. दोन साक्षीदारांसमोर कुलूप लावा, फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा की चावी घ्यायला माणूस पाठवा, ताबा आजपासून तुमचा.

उंबरठा

पत्राचा मसुदा करायला घेतला आहे. कलम ६३ आणि २०२० चं परंतुक दोन्ही त्यात टाकते. करारात मुदत लिहिलीच नसेल तर किती दिवस मागावे? मी ६० धरतेय.

सातबारा

साठ मागा, कारण लिहा, आणि पंचेचाळीस मिळाले तर भांडत बसू नका. शाळेची परीक्षा हे कारण असेल तर वेळापत्रकाची प्रत जोडा.